हजेरीसाठी गेलो आणि गाणं घेऊन आलो

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की माझं शिक्षण ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत झालं आणि तिथल्या सकाळच्या असेंब्लीला मी इतक्या शिव्या घातल्यात की तेवढ्या वेळा एखादा मंत्र म्हटला असता तर एव्हाना सिद्धी मिळाली असती. एवढं एकच वाक्य, पण त्यावर जी पत्रं आणि मेल आले ते बघून मीच चाट पडले. कुणी आठवणी लिहिल्यात, कुणी भांडलंय, एका बाईंनी तर चार पानं लिहून शेवटी "प्रश्न असा काही नाही" असं म्हटलंय. म्हणून या वेळचा सगळा कॉलम याच विषयाला देतेय. नावं छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केलीये.

प्रश्न : ताई, मी ६२ वर्षांचा रिटायर्ड माणूस, जन्माने हिंदू आणि सवयीने नास्तिक. कॉलेजची चार वर्षं ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत काढली. आजही इस्त्री करताना, गाडी पुसताना तोंडातून असेंब्लीतलं एक गीत आपोआप निघतं, तेही सगळ्या कडव्यांसकट. मुलगा चिडवतो की बाबा तुम्ही छुपे ख्रिश्चन आहात. मला देवाधर्माचं काही पडलेलं नाही, मग हे गाणं का जात नाही? हा नुसता नॉस्टॅल्जिया म्हणायचा की त्या जागेने माझ्यात खरंच काही केलं?

उत्तर : तुमचं तरी बरं आहे, तुम्हाला गीत शब्दांनी आठवतं, मला ते नंबरने आठवतं. आमच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, डावीकडच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता, त्या दिवशी जी गीतं म्हणायची त्यांचे नंबर त्यात सरकवून ठेवलेले असायचे, आत शिरलं की सगळ्यांची नजर आधी तिकडे, कारण काही गीतं सहा कडव्यांची होती आणि सहा कडवी असली की पहिल्या लेक्चरला धावत जावं लागायचं. आम्ही चौघी मागच्या बाकावर बसून गीतपुस्तकाच्या आत वही लपवून राहिलेलं लिखाण उतरवत असायचो, मग एकदम उभं राहायची वेळ आली की कुणाची तरी वही दगडी फरशीवर फटकन पडायची आणि पुढे बसलेली सगळी डोकी एकदम वळायची. ऑर्गन म्हणाल तर सिनेमात दाखवतात तसा भिंतभर नळ्यांचा वगैरे नव्हता, पायपेटीचाच मोठा भाऊ, आणि त्याच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. आम्ही होतो तोवर त्या मुक्याच राहिल्या. त्यामुळे आता तेच गीत कुठे नीट, सगळ्या सुरांसकट ऐकलं की मला वाटतं हे लोक चुकीचं वाजवतायत.

आता गाणं का जात नाही, तर त्याचं अर्धं उत्तर मानसशास्त्राकडे आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातलं काय काय आठवतं असं विचारलं की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग बाकीच्या वर्षांपेक्षा मोठा निघतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी त्याच काळात भरपूर असतात, आपण कोण हेही आपण तेव्हाच ठरवत असतो, अशी कारणं देतात. त्यात गाणं असेल, रोज त्याच वेळी, शेकडो जणांबरोबर उभं राहून मोठ्याने म्हटलेलं, तर ते डोक्यात राहतंच, शिवाय फुप्फुसात आणि घशात पण राहतं. इस्त्रीचा हात एका लयीत फिरायला लागला की घसा आपलं काम सुरू करतो, तुमच्या नास्तिकपणाला विचारत बसत नाही.

पण हे झालं सुराचं. त्या जागेने काय केलं, हा तुमचा खरा प्रश्न. माझ्यापुरतं सांगते. आमच्याकडे गीत संपलं की नोटिसा वाचायचे. लायब्ररीचा दंड, मॅचचा निकाल, हरवलेली छत्री, आणि मग त्याच आवाजात, जराही ड्रामा न करता, अमक्या वर्गातल्या अमकीच्या वडिलांचं आज ऑपरेशन आहे, तमक्याची आजी गेली. की दोन मिनिटं शांतता. पहिलं वर्षभर मला ती दोन मिनिटं म्हणजे डुलकी काढायची सोय वाटायची. दुसऱ्या वर्षी माझ्या भावाला मोठा अपघात झाला आणि कुणी सांगितलं कोण जाणे, पण सकाळी माझं नाव वाचलं गेलं. मी ख्रिश्चन नाही, मी कुणाला प्रार्थना करा म्हटलेलं नाही, आणि तरी तीनशे माणसं माझ्या भावासाठी गप्प बसली होती, निदान डुलकी काढणारे सोडून बाकीचे तरी. दुपारी जेवायला बसले तेव्हा सीनियर वर्गातल्या तीन मुली, ज्यांची नावंही मला माहीत नव्हती, समोर येऊन बसल्या आणि काहीबाही बोलत राहिल्या, भावाबद्दल एक शब्द नाही, कुठल्या सरांची नक्कल कर, कुठलं जुनं भांडण उकरून काढ, असं माझं ताट रिकामं होईपर्यंत.

तेव्हापासून मला ती एक खोड लागलीये. ग्रुपवर कुणाच्या आजारपणाची बातमी आली की हात जोडलेली इमोजी टाकून मला पुढे जाता येत नाही, फोन करावाच लागतो, आणि फोनवर शक्यतो आजाराबद्दल बोलायचं नाही. घरचे वैतागतात. ही खोड धार्मिक आहे का ते मला माहीत नाही, पण लागली ती तिथेच, हे नक्की. तुम्हीही जरा आठवून बघा, गाण्याच्या आजूबाजूला असं काहीतरी सापडेल. आणि मुलाला सांगा, छुपा कुणी असता तर सगळी कडवी मोठ्याने गायला नसता.

प्रश्न : माझ्या मुलीला एका नामवंत ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळतेय. मुलगी खूश आहे, पण सासरे म्हणतात तिथे धर्म बदलायला लावतात, रोज जबरदस्तीने प्रार्थना असते. तुम्ही स्वतः शिकलेल्या आहात म्हणून विचारते, खरं काय ते सांगा, गोड गोड नको.

उत्तर : गोड न बोलता सांगायचं तर तुमच्या सासऱ्यांची भीती हवेतून आलेली नाही. गेल्या शतकात आणि त्याआधी जे मिशनरी शाळा-कॉलेजं काढायला आले त्यांच्यातल्या बहुतेकांना शिकवता शिकवता लोकांनी आपल्या धर्मात यावं असं वाटत होतंच, आणि ते त्यांनी लपवलेलंही नाही. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये जी शाळा काढली, जिचं पुढे विल्सन कॉलेज झालं, तिथे १८३९ मध्ये दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, केवढा गहजब झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली. त्यानंतर चारेक वर्षांनी शेषाद्री बंधूंच्या धर्मांतराचं प्रकरण झालं, त्यातल्या धाकट्या श्रीपतीला परत हिंदू समाजात घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी स्वतःच्याच लोकांचा रोष ओढवून घेतला. म्हणजे हा वाद आपल्याकडे पावणेदोनशे वर्षं जुना आहे, सासरे काही व्हॉट्सॲपवरूनच शिकलेले नाहीत.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. त्याच विल्सन कॉलेजात पां. वा. काणे शिकले, ज्यांनी पुढे धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला आणि ज्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. हिंदू धर्मशास्त्रावर एवढं काम केलेला माणूस स्कॉटिश मिशनऱ्यांच्या कॉलेजातला! डॉ. राधाकृष्णन मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे. तिथले प्राध्यापक हिंदू विचारांवर जी टीका करायचे ती त्यांना झोंबली आणि त्यामुळेच आपण आपल्या तत्त्वज्ञानाचा मुळापासून अभ्यास करायला लागलो, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एम.ए.चा प्रबंध वेदान्तातल्या नीतिविचारावर, आणि त्यांना शिकवणारे होते ए. जी. हॉग नावाचे मिशनरी प्राध्यापक. टीका करणारे आणि शिकवणारे एकाच छपराखाली. मला हे फार आवडतं. कारण माझ्याही बाबतीत छोट्या प्रमाणात तेच झालं, मी तिथे गेले तेव्हा मला माझ्या धर्मातलं ओ की ठो कळत नव्हतं, एका फादरनी सहज विचारलं की तुमच्याकडे याबद्दल काय म्हणतात, आणि मला उत्तर देता आलं नाही, ती लाज मला लायब्ररीत घेऊन गेली.

आता कामाचं. भारतात घटनेचं कलम २८ (३) असं सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या कुणालाही तिथल्या धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला संमतीशिवाय भाग पाडता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर ती संमती पालकांची लागते. मुलगी अठरा पूर्ण असेल तर तिची स्वतःची. हे सासऱ्यांना दाखवा. मात्र असेंब्ली, मूल्यशिक्षणाचा तास आणि चॅपलमधली उपासना या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि माहितीपत्रकात बऱ्याचदा त्यांची खिचडी केलेली असते, तेव्हा फोन करून सरळ विचारा की नक्की काय कम्पल्सरी आहे, कशाला हजेरी लावतात आणि नाही गेलं तर काय होतं. शक्य झालं तर आत्ता तिथे शिकणाऱ्या दोन-तीन बिगरख्रिश्चन मुलींशी मुलीचं बोलणं करून द्या, तिचं, तुमचं नव्हे. त्या तुम्हाला सांगणार नाहीत ते तिला सांगतील.

आणि एक, हे जरा आगाऊपणाचं होईल, पण धर्म बदलेल का या काळजीत ती तिथे काय शिकणार आहे हे कुणी विचारलंय का? पत्रात विषयाचं नावही नाहीये.

प्रश्न : मी सध्या अशाच एका युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात आत्ता कंटाळा येतो पण नंतर मिस करशील. मला नाही वाटत. ड्रेस कोड, गेट टाइम, प्रत्येक गोष्टीला परवानगी, वर "हे सगळं तुमच्या भल्यासाठी". मी चुकतोय का?

उत्तर : नाही रे, अजिबात नाही. आणि जे आवडलं नाही ते मिस करायची सक्ती कुणावर नसते.

मला तिथलं बरंच काही प्रिय आहे म्हणून सगळंच छान होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी मुलींच्या हॉस्टेलचं गेट सहाला बंद आणि मुलांचं नऊला. का, तर मुलींच्या सुरक्षेसाठी. मग लायब्ररी आठपर्यंत उघडी कुणासाठी? हे मी एकदा लेखी विचारलं तर मला ऑफिसात बोलावून नम्रता या विषयावर वीस मिनिटं ऐकवण्यात आलं आणि घरी पत्र गेलं. जिथे सकाळी सगळे देवाची लेकरं सारखी असं गायचो तिथेच संध्याकाळी हे. तो राग माझा अजून गेलेला नाहीये, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मला इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी, त्या स्वतः चर्चला नियमित जाणाऱ्या, मला बोलावून म्हटलं की अर्ज चांगला लिहिलायस पण पाच मुलींच्या सह्या घेतल्या असत्यास तर त्यांना एकटीला ऑफिसात बोलावता आलं नसतं. माझ्या पुढच्या सगळ्या नोकऱ्यांत हा सल्ला कामी आला. पुढच्या वर्षी आम्ही चाळीस सह्या घेतल्या आणि गेट साडेसातला गेलं. आठला नाही, साडेसातला. संस्था अशाच असतात.

तेव्हा कुरकुर कर, पण लिहून कर, आणि चारचौघांना घेऊन कर. मिस करायचं की नाही ते वीस वर्षांनी बघू.

प्रश्न : भारतातली सगळ्यात जुनी ख्रिश्चन युनिव्हर्सिटी कोणती? क्विझमध्ये आमच्यात वाद झाला.

उत्तर : क्विझवाल्यांनी आधी कॉलेज आणि युनिव्हर्सिटी यांतला फरक ठरवून घ्यावा, निम्मा वाद तिथेच मिटतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ख्रिश्चन संस्था या कॉलेजं आहेत, डिग्री दुसऱ्याच विद्यापीठाची. पण उत्तर एकच द्यायचं तर श्रीरामपूर, बंगालमधलं बरं का, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, त्यामुळे १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन त्याला पदव्या द्यायचा अधिकार दिला, म्हणजे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ मध्ये निघायच्या तीस वर्षं आधी. आणि मराठी वाचकांनी हे नाव लक्षात ठेवायला आणखी एक कारण आहे, याच केरीसाहेबांनी कॉलेज काढायच्या आधी, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून काढला होता. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने. वैजनाथांचं नाव क्विझमध्ये कधीच येत नाही, ते विचारा पुढच्या वेळी.

प्रश्न : मी जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांच्या कॉलेजात शिकले. तिथल्या एका फादरनी शिकवलेली सवय आहे, झोपण्याआधी पाच-दहा मिनिटं सगळा दिवस मनात परत चालवून बघायचा. मी ते गणपतीच्या फोटोसमोर बसून करते. मैत्रीण म्हणते हे धड ना इकडचं ना तिकडचं, एकतर नीट जप कर नाहीतर सोडून दे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : मला वाटतं मैत्रिणीला एकदा शेजारी बसवा.

या सवयीला तिकडे एक्झामेन म्हणतात आणि तिच्यामागची गोष्ट फार मजेशीर आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे तरुणपणी लढवय्ये, मानपानाचा आणि पराक्रमाचा भारी सोस. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्महिने खाटेवर पडून राहावं लागलं. वाचायला मागितल्या शूर सरदारांच्या प्रेमकहाण्या, घरात निघाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. मग पडल्या पडल्या कधी जुनी स्वप्नं रंगवायची, कधी या संतांसारखं आपण वागलो तर असं मनात आणायचं. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की दोन्ही स्वप्नं रंगवताना मजा सारखीच येते, पण पहिल्या प्रकारानंतर मागे कोरडं कोरडं वाटत राहतं आणि दुसऱ्यानंतर मन भरलेलं असतं. बस, एवढंच निरीक्षण. आपल्याला कशानंतर कसं वाटतं ते बघायचं, आणि ते रोज बघायचं. पुढे १५४० मध्ये संघाला पोपची मान्यता मिळाली, १५४८ मध्ये सिसिलीत मेसिनाला पहिलं कॉलेज निघालं, १५९९ मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या शाळा-कॉलेजांसाठी अभ्यासक्रमाची नियमावली काढली, आणि जगभर एवढा मोठा पसारा उभा राहिला, तरी मला कायम वाटतं की या सगळ्याच्या मुळाशी खाटेवर पडलेला, स्वतःच्या मनाकडे बघणारा कंटाळलेला माणूस आहे.

तुमच्या फादरनी बहुधा सांगितलं असेल की आधी दिवसात मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानायचे, मग तास न् तास करत दिवस बघायचा, कुठे मन हललं तिथे थांबायचं, चुकलं असेल तिथे माफी मागायची आणि मग उद्याकडे वळायचं. आता यात गणपतीला हरकत असण्यासारखं काय आहे ते मला तरी दिसत नाही. तुमच्या फादरनाही हरकत असेल असं वाटत नाही, निदान मला भेटलेल्या फादरांपैकी कुणाला नसती, उलट ते विचारतील की बाई, करतेस ना रोज, मग झालं.

आणि इकडचं-तिकडचं हे प्रकरण म्हणाल तर गोव्यात १५७९ मध्ये आलेले थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट आठवा. त्यांना येशूची गोष्ट इथल्या लोकांना सांगायची होती, तर त्यांनी आपल्या पुराणांच्या थाटात, ओवी छंदात, मराठीत ती लिहिली, जवळपास अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये छापलं गेलेलं ते ख्रिस्तपुराण. त्यात मराठी भाषेचं जे कौतुक त्यांनी केलंय ते आपण अजून भाषणांत वापरतो, आणि वापरणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते कुणी लिहिलंय हे माहीत नसतं. तिकडच्या माणसाने इकडचा छंद घेतला, तुम्ही इकडच्या देवासमोर तिकडची रीत घेतलीत. फिटंफाट.

मी स्वतः हे करते का? करते, पण रोज होत नाही, आणि बसून तर कधीच नाही, मी ते भांडी आवरताना करते. गेल्या आठवड्यात असं करताना लक्षात आलं की दिवसभरात मला सगळ्यात जास्त आनंद एका ओळखीच्या बाईंचं भाषण पडलं तेव्हा झाला होता. हे कळून काही फार बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला, इतकंच.

प्रश्न : आमच्या युनिव्हर्सिटीतल्या एका सरांमुळे मी शिकत राहिलो. घरची परिस्थिती अशी की दुसऱ्या वर्षी सोडणारच होतो, त्यांनी गाजावाजा न करता फीची सोय लावली, नंतर कधी त्याचा उल्लेखही केला नाही. आता ते खूप म्हातारे झालेत असं कळलं. मी तीस वर्षांत त्यांना एकदाही आभाराचं पत्र लिहिलं नाही. आता लिहिलं तर विचित्र वाटेल का? काय लिहू?

उत्तर : लिहा. हा कॉलम वाचून झाला की लगेच लिहा, उद्या म्हणालात की आणखी पाच वर्षं गेली.

काय लिहू म्हणाल तर थोर विचार नकोत. तुमच्यामुळे मी घडलो, तुम्ही दीपस्तंभ वगैरे अजिबात नको, त्या वयाच्या शिक्षकांना असल्या वाक्यांखाली लाल रेघ मारायची सवय असते. नेमकं काय झालं होतं ते लिहा. कुठला महिना होता, तुम्ही कुठे उभे होता, सर काय म्हणाले, त्या फीमुळे कुठली परीक्षा देता आली आणि आज तुम्ही काय करता. अक्षर मोठं काढा, ओळींत अंतर ठेवा, म्हाताऱ्या डोळ्यांना मेलपेक्षा कागद सोपा पडतो आणि घरातलं कुणी वाचून दाखवणार असेल तर त्यालाही. उशीर झाल्याबद्दल एक वाक्य पुरे, अर्धं पान माफी मागण्यात घालवू नका. पत्ता नसेल तर युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारा, ते पत्ता देणार नाहीत कदाचित पण पत्र पुढे पाठवतात. शक्य असेल तर तिथल्या विद्यार्थी मदत निधीला, तुम्हाला जमेल तेवढे पैसे सरांना न सांगता द्या. ते तुमच्याशी तसंच वागले होते ना.

उत्तराची मात्र फार वाट बघू नका, आणि आलं तर ते कसं येईल याचीही तयारी ठेवा. मी माझ्या त्या इतिहासाच्या मॅडमना, गेट टाइमवाल्या, पंचवीस वर्षांनी पत्र लिहिलं होतं. या बाई वर्गातल्या साठ जणींना पहिल्या आठवड्यात नावाने हाक मारायच्या, कोण कुठल्या बाकावर बसते, कुणाची आई आजारी आहे, सगळं पाठ. मी सह्यांची गोष्ट लिहिली, साडेसातची गोष्ट लिहिली, त्यांचा सल्ला कुठे कुठे वापरला तेही लिहिलं. दीड महिन्याने त्यांचं पत्र आलं, थरथरत्या अक्षरात, दोन्ही बाजूंनी भरलेलं. खूप आनंद झाला म्हणाल्या. मग विचारलं होतं, तू अजून गातेस का, ख्रिसमसच्या कार्यक्रमातलं तुझं सोलो आम्ही कुणी विसरलो नाही, तुझा आवाज किती स्वच्छ लागला होता.

मी आयुष्यात कधी सोलो गायलेले नाही. मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलव असं सांगितलेलं होतं. ती दुसरीच कुणीतरी मुलगी, कदाचित आमच्या पुढच्या-मागच्या बॅचची.

मी उत्तर लिहिलं, हो मॅडम, अधूनमधून गाते.